एक पान टाकलं आणि आठ गेली

"माझी आठ पानं कुणी नेली गं?"

रात्रीचे पावणेदहा झाले होते, मी ओटा पुसत होते, आणि फोनवर अण्णा. पानं म्हणजे पत्त्यांची. त्यांच्या टॅबवर मी करून दिलेला मेंढीकोट चालू होता.

"काय झालं नेमकं?"

"बदामाची पंजी टाकली. एक पान. तेरातनं एक गेलं की किती राहतात?"

"बारा."

"हितं चार दिसत्यात. आणि वर लिवलंय तेरा."

अण्णा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक. फरक जुळला नाही तर त्यांना जेवण जात नसे. अशा माणसासमोर मी तेरा, चार आणि बारा असे तीन आकडे ठेवले होते, आणि त्यातला बरोबर आकडा एकटा त्यांच्या डोक्यात होता.

मी पुण्यात किराणा दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर लिहिते. गेम लिहिणं हे माझं काम नाही. पण गावाकडचा त्यांचा चौघांचा डाव मोडला होता. एक मास्तर होते, ते वारले. एकजण मुलाकडे बंगळूरला गेला. टेलरकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना इस्पिक आणि किलवर एकच दिसायला लागलं. एकट्यानं मेंढीकोट खेळता येत नाही आणि बाजारात मिळणारे पत्त्यांचे गेम अण्णांना पटेनात. कुठं मध्येच जाहिरात यायची, कुठं नियम मुंबईचे असायचे. म्हणून एका पावसाळ्यात, रोज रात्री तासभर, मी स्वतःच बसले.

भाषा निवडली लुआ. कारण साधं होतं. भाचा बालात्रो नावाचा पत्त्यांचा गेम खेळत होता, २०२४ साली आलेला, लोकलथंक असं टोपणनाव घेणाऱ्या कॅनडातल्या एकाच माणसानं केलेला. तो लुआमध्ये, लव्ह नावाच्या फुकट मिळणाऱ्या सांगाड्यावर उभा आहे असं कळलं. म्हटलं, त्याला एकट्याला जमलं, तर बावन्न पानांचा साधा डाव मला का जमू नये?

लुआची जन्मकथा मला फार आवडते. ही भाषा काही गेमसाठी जन्मली नाही. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात, टेकग्राफ नावाच्या विभागात, रोबेर्तो येरुसालिमस्की, लुईज हेन्रिक दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी ती केली, आणि केली ती पेट्रोब्रास या ब्राझीलच्या सरकारी तेल कंपनीच्या अभियंत्यांसाठी. त्याआधी बरीच वर्षं ब्राझीलमध्ये बाहेरचे संगणक आणि सॉफ्टवेअर आणायला कडक बंदी-निर्बंध होते, त्यामुळे लागेल ते घरीच बनवायचं ही सवय लागलेली. या मंडळींची आधीची एक छोटी भाषा होती सोल. पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य. मग नव्या भाषेचं नाव पडलं लुआ, म्हणजे चंद्र.

तेलवाले अभियंते काही पेशानं प्रोग्रॅमर नव्हते. त्यांना मोजणी शून्यापासून करायला लावली असती तर त्यांनी यांना वेड्यात काढलं असतं. लुआत यादीतली पहिली जागा १ असते. सी, जावा, पायथन या भाषांमध्ये ती ०. यावरून प्रोग्रॅमर लोक अजूनही हमरीतुमरीवर येतात. मी अण्णांना विचारलं होतं, पहिलं पान कितवं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

गेमच्या जगात लुआ शिरली ती एका लेखामुळे. १९९६च्या डिसेंबरात डॉक्टर डॉब्ज जर्नल या अमेरिकी मासिकात तिच्यावर लेख आला. तो लुकसआर्ट्स या गेम कंपनीतल्या ब्रेट मोगिलेफ्स्की यांच्या वाचनात आला आणि त्यांनी नव्या गेमसाठी कंपनीची जुनी भाषा बाजूला ठेवून ही घेतली. तो गेम ग्रिम फँडँगो, १९९८. पुढे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये खेळणाऱ्यांना स्वतःची बटणं-पट्ट्या लिहायची सोय लुआत मिळाली, अँग्री बर्ड्समध्येही ती होती, आणि रोब्लॉक्सवर आज शाळेतली पोरं जे गेम लिहितात तेही तिच्याच एका वंशजात. तेलविहिरींचे तक्ते भरायला केलेली भाषा पक्षी गलोलीनं उडवायला लागली, याचं त्या तिघांना काय वाटलं असेल!

आता यादीकडे येते, कारण अण्णांची आठ पानं तिथंच अडकली होती.

गेम म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ याद्या सांभाळणं. कॅटमधली बावन्न पानं ही यादी. चौघांच्या हातातली तेरा-तेरा पानं या चार याद्या. मध्ये पडलेली चार पानं, ही एक. जिंकलेल्या हातांचा ढीग, ही आणखी एक. इतर भाषांत यासाठी वेगवेगळी तयार भांडी मिळतात. युनिटी हे गेम इंजिन वापरणारे सी-शार्प लिहितात, त्यात साधी यादी वेगळी, रांग वेगळी, चळत वेगळी, नावावरून शोधायचा कोश वेगळा. लुआत असं काही नाही. तिच्याकडे एकच गोष्ट आहे, टेबल.

टेबल म्हणजे कोरी फुलस्केप वही समजा. डावीकडे खूण, उजवीकडे नोंद. खूण म्हणून १, २, ३ लिहिलंत तर ती यादी झाली. खूण म्हणून "नाव", "गाव", "वजन" लिहिलंत तर तीच वही एका माणसाचं कार्ड झाली. दोन्ही एकाच वहीत लिहिलंत तरी लुआ हूं की चूं करत नाही. कारखान्यात अण्णांकडे अशीच एक वही असे. पुढून गाड्यांचे नंबर, मागून उधारी. बाहेरच्यानं उघडली तर काही कळू नये, पण त्यांचं कधी चुकलं नाही.

माझं चुकलं. पाचवं पान टाकल्यावर मी पाचव्या जागेवर निल लिहिलं. निल म्हणजे काहीच नाही. लुआत एखाद्या जागी निल लिहिणं आणि ती नोंद खोडणं, एकच. म्हणजे एक ते चार पानं, मग भोक, मग सहा ते तेरा.

पानं पडद्यावर काढण्यासाठी मी आयपेअर्स वापरलं होतं. ते एकपासून चालायला लागतं आणि पहिलं भोक आलं की थांबतं. त्याच्या दृष्टीनं यादी तिथं संपली. म्हणून चार पानं दिसली. वरचा आकडा मी हॅशच्या चिन्हानं काढला होता, # हे चिन्ह यादीपुढे लावलं की लुआ तिची लांबी सांगते. ते म्हणालं तेरा.

मी तासभर त्या चिन्हाला शिव्या दिल्या आणि मग भाषेचं नियमपुस्तक उघडलं. तिथं जे वाचलं ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. हे चिन्ह मोजत नाही. ते बांध शोधतं. ज्या जागेवर काहीतरी आहे आणि तिच्या पुढच्या जागेवर काही नाही, अशी जागा म्हणजे बांध, आणि असा एखादा बांध सापडला की त्याचा नंबर सांगून लुआ मोकळी होते. यादीत भोक नसेल तर बांध एकच असतो आणि तोच खरा आकडा. भोक पडलं की बांध दोन होतात. माझ्या यादीत चारपुढे रिकामं होतं, तेरापुढेही रिकामं होतं. चार म्हटलं तरी नियमात, तेरा म्हटलं तरी नियमात. बारा हे उत्तर मात्र कधीच येणार नव्हतं, कारण बाराच्या पुढे तेरावं पान जागेवर बसलेलं होतं. खरी संख्या तेवढी अशक्य!

याला मूर्खपणा म्हणायचं की काटकसर? मला आता काटकसर वाटते. हजारो नोंदींची यादी प्रत्येक वेळी एकेक मोजण्यापेक्षा मध्यावर उडी मारून, पुन्हा त्याच्या मध्यावर उडी मारून बांध गाठणं फार जलद होतं, आणि गेममध्ये सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचं असतं. फक्त त्याची अट अशी की भोक पाडायचं नाही. ती अट पाळणं माझं काम होतं.

पान काढायचं तर टेबल डॉट रिमूव्हनं काढायचं. ते पाचवं उचलतं आणि सहावं पाचव्यावर, सातवं सहाव्यावर असं सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवतं. फोनवर हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग पहिल्यापासनं तसं का नाही केलं? काट्यापुढच्या रांगेत एखाद्या गाडीचा आख मोडला तर ती बाजूला घ्यायची आन् मागच्या गाड्या फुडं घ्यायच्या. मधी जागा ठेवून कोण उभं राहतं?"

रांगेला सरकवलं की मग दुसरं दुखणं सुरू होतं. मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात. चार मेंढ्या, ज्यांनी तीन किंवा चार मिळवल्या त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर तेरातले सात हात ज्यांचे, ते जिंकले. म्हणजे मेंढी मोजण्यात चूक हे अक्षम्य पाप. हात झाल्यावर मधली चार पानं पहिल्यापासून बघत जायची, मेंढी दिसली की काढून जिंकणाऱ्याच्या ढिगात टाकायची, असं मी लिहिलं होतं.

एकदा अण्णांनी चौकट एक्क्याची उतारी केली. दुसऱ्याकडे चौकटची दश्शी एकटीच होती, ती पडली. अण्णांचा भिडू, म्हणजे संगणक, त्याच्याकडे चौकट नव्हती. हुकूम आधीच ठरला होता, त्यानं आपल्या माणसाचा हात होतोय म्हणून किलवरची दश्शी देऊन टाकली. चौथ्यानं चौकटची तिर्री टाकली. एका हातात दोन मेंढ्या. पाटीवर एकच चढली.

झालं असं की लूप, म्हणजे एकेक जागा बघत जाणारा कोड, दुसऱ्या जागेवर आला, चौकटची दश्शी उचलली. लगेच तिसरं पान दुसऱ्या जागेवर सरकलं. लूपला त्याची खबर नाही, तो आपला तिसऱ्या जागेकडे निघाला, आणि तिथं आता तिर्री बसलेली. किलवरची दश्शी दुसऱ्या जागेवर गुपचूप राहिली. पायऱ्या चढताना कुणी खालची पायरी काढून घ्यावी तसं. जगातल्या प्रत्येक प्रोग्रॅमरनं ही चूक एकदा तरी केलेली असते आणि उपायही सगळ्यांना ठाऊक असतो: मागून पुढे यायचं. चौथ्यापासून पहिल्याकडे आलात तर जे सरकतं ते तुम्ही आधीच पाहिलेलं असतं.

एक चूक तर फक्त मराठी माणसालाच होईल. आपल्याकडे हातात धरलेली पानं म्हणजेही हात आणि चार पानांचा एक फेरा जिंकला की तोही हात. "हात बघून हात कर" हे वाक्य आम्हाला कळतं. मी दोन फायलींत दोन्ही याद्यांना हेच नाव दिलं. लुआत नावाआधी लोकल हा शब्द लिहायला विसरलं तर ते नाव साऱ्या प्रोग्रॅमचं होतं, गावजेवणासारखं. पहिला फेरा संपला, नव्या हाताची कोरी यादी तयार झाली आणि तिनं अण्णांच्या हातातली बारा पानं गिळली. हे मला फोनवर कळलं नाही, सुदैवानं मीच आधी खेळून पाहत होते.

एवढं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एकाच कोऱ्या वहीत पाच प्रकारच्या नोंदी करते आहे आणि कुठल्या वहीचे नियम काय, हे फक्त माझ्या डोक्यात आहे. कॅट फक्त वरून द्यायचा, मधून ओढायचा नाही. हातातून कुठलंही पान निघेल, पण वाटून झाल्यावर नवं येणार नाही. मध्ये चारच पानं, पाचवं नाही. ढिगातून परत काही काढायचं नाही. पाटावर हे नियम माणसं एकमेकांवर डोळे वटारून पाळतात. संगणकात डोळे कोण वटारणार?

यासाठी लुआत मेटाटेबल आहे. वहीच्या आतल्या पानावर डकवलेला नियमांचा कागद, असं मी म्हणेन. हा कागद म्हणजे दुसरं एक टेबलच, पण त्यात ठरावीक नावांखाली सूचना असतात. वहीत नसलेली नोंद कुणी मागितली तर काय करायचं, ते इंडेक्स या नावाखाली. वहीत नसलेल्या जागी कुणी नवं लिहायला आलं तर काय करायचं, ते न्यूइंडेक्सखाली. दोन वह्यांत लहान कोण हे विचारलं तर, छापून दाखव म्हटलं तर, प्रत्येकाला एकेक नाव. सेटमेटाटेबल म्हणून एक आज्ञा दिली की कागद डकवला गेला. चारही खेळाडूंच्या हातांना एकच कागद पुरतो, चार प्रती लागत नाहीत. ही कल्पना एकदम अशी आली नाही. १९९५मध्ये तिचं ओबडधोबड रूप आलं, १९९७मध्ये जरा बरं, आणि २००३च्या लुआ ५.० मध्ये आजचं मेटाटेबल. म्हणजे भाषा करणाऱ्यांनीसुद्धा आठ वर्षं कागद फाडून पुन्हा डकवला. हे वाचून मला बरं वाटलं.

मुद्दा हा की भाषेनं मला पाच प्रकारच्या याद्या दिल्या नाहीत. एक दिली आणि म्हणाली, हिला वळण तू लाव.

पानांनाच आधी वळण लावलं. प्रत्येक पान म्हणजे छोटं टेबल: रंग आणि किंमत. ते छापलं की "टेबल" हा शब्द आणि पुढे मेमरीतला अगम्य पत्ता यायचा. छापण्याचा नियम डकवला, आता "बदाम राणी" असं छापलं जातं. चूक शोधताना यानं जीव वाचवला. मग लहान-मोठ्याचा नियम डकवला. एकदा तो डकवला की पानांच्या यादीला नुसतं "लाव" म्हटलं, ती लागते. अण्णांची लावायची पद्धत म्हणजे एक काळा, एक तांबडा, पुन्हा काळा, पुन्हा तांबडा, आणि प्रत्येक रंगात मोठं पान डावीकडे. बदाम आणि चौकट शेजारी आले तर घाईत चुकतं, असं त्यांचं म्हणणं. इथं मी एकदा "लहान" लिहायच्या जागी "लहान किंवा समान" असं लिहिलं आणि क्रम लावणारा कोड लाल अक्षरांत भांडायला उठला. दोन पानं परस्परांपेक्षा लहान कशी, असा त्याचा सवाल, आणि तो रास्त होता.

मधल्या यादीला न्यूइंडेक्सचा पहारेकरी बसवला. नवं पान येताना तो मोजतो. चार असतील तर हाकलतो. मी त्याच्यावर खूश होते. तपासून पाहिलं, पाचवं पान टाकायला गेले, एरर आली. वा.

चार दिवसांनी अण्णांचा फोन. मध्ये पाच पानं.

त्यांचं बोट थरथरतं, पडद्यावर दोनदा लागतं. एका टिचकीला एक पान, दुसऱ्या टिचकीला दुसरं. ठीक आहे, पण पहारेकरी काय करत होता? मी तपासताना थेट पाचव्या जागेवर लिहून पाहिलं होतं. खऱ्या गेममध्ये मात्र पान यादीत भर घालणाऱ्या टेबल डॉट इन्सर्टनं आत येत होतं. लव्ह ज्या लुआवर चालतं ती जुन्या ५.१ची बहीण, आणि त्या पिढीत इन्सर्ट मेटाटेबलला विचारतच नाही. ते थेट वहीत लिहितं. पुढे ५.३ पासून ते विचारायला लागलं. म्हणजे मी पुढच्या दाराला पहारेकरी ठेवला होता आणि गावाची सगळी वर्दळ परसदारानं. शेवटी पान टाकायची एकच वाट ठेवली, माझी स्वतःची, आणि बाकी सगळीकडून इन्सर्ट उपटून काढलं.

या पहारेकऱ्याची दुसरीही खोड सांगायला हवी. त्याला फक्त नव्या जागेची खबर मिळते. तिसऱ्या जागेवर आधीच पान आहे आणि कुणी त्यावर दुसरं लिहिलं, तर तो झोपलेला असतो, कारण ती जागा नवी नाही. त्यावर एक तोडगा आहे: खरी यादी आत लपवायची आणि बाहेर एक कायम रिकामी वही ठेवायची. रिकाम्या वहीत प्रत्येक जागा नवीच, म्हणून पहारेकरी प्रत्येक वेळी जागा होतो. हा तोडगा मला तेव्हा उगाच लांबण वाटला. पुढे कामी आला.

मध्यंतरी यादीशी थेट संबंध नसलेली एक तक्रार आली, पण ती सांगते. "रोज सकाळी पैला डाव त्योच," अण्णा म्हणाले. "किलवर एक्का, बदाम राणी, सत्त्या तीन." मला खोटं वाटलं. पिसण्याची पद्धत मी चोख लिहिली होती, रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८मध्ये छापलेल्या पद्धतीवरून निघालेली: बावन्नाव्या पानाची, ते स्वतः धरून, उरलेल्यांतल्या कुठल्याही एकाशी अदलाबदल, मग एक्कावन्नाव्याची, असं खाली यायचं. पद्धत बरोबरच होती. पण "कुठलंही एक" सांगणारं यंत्र जुन्या लुआत रोज सुरू केलं की त्याच आकड्यांची माळ त्याच क्रमानं ओघळतं, त्याला सुरुवातीला वेगळं बी द्यावं लागतं. मी दिलं नव्हतं. टॅब रोज सकाळी सुरू व्हायचा आणि रोज तोच कॅट तसाच पिसला जायचा. अण्णा आठवडाभर गप्प होते, का, तर पहिल्या डावाला त्यांच्याच तीन मेंढ्या होत होत्या.

अलीकडच्या भाषांनी याद्यांना आधीच लगाम घालायला सुरुवात केली आहे. रोब्लॉक्सनं लुआवरून केलेली लुआऊ ही भाषा २०२१ साली सर्वांना खुली झाली. तिच्यात "ही यादी फक्त पानांचीच" असं आधी लिहून ठेवता येतं, आणि एखादं टेबल गोठवून टाकायची सोयही आहे. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर यांनी सुरू केलेल्या गोदो या गेम इंजिनच्या भाषेत २०२३च्या चौथ्या आवृत्तीपासून तसंच झालं. चुकून पानांच्या यादीत आकडा घातला तर भाषाच ओरडते. दहा जणांनी मिळून लिहायचं असेल तर मी अशीच एखादी भाषा घेईन, दिवसा पगारासाठी जे लिहिते तिथं मला लगाम हवाच असतो. पण "फक्त पानं" एवढंच तिथं सांगता येतं. "चारच पानं, आणि हुकूम फुटल्यावर वेगळा क्रम" हे तरीही स्वतःच लिहावं लागतं.

दिवाळीत गावी गेले तेव्हा अण्णांनी नवी मागणी काढली. आतापर्यंत आम्ही कट हुकूम खेळत होतो, म्हणजे ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल त्यानं टाकलेलं पान तोच हुकूम. मास्तर असताना ते बंद हुकूम खेळायचे. एकानं आपल्या तेरातलं एक पान पालथं घालून ठेवायचं. त्याचा रंग तो हुकूम. कुणाकडे उतारीचा रंग संपला आणि त्यानं हुकूम मागितला की ते पान उघडायचं आणि ज्याचं त्याच्या हातात परत जायचं.

मी अंगणात लॅपटॉप घेऊन बसले आणि अडकले. ते पालथं पान कुठल्या यादीत? हातात ठेवलं तर संगणक ते खेळून टाकेल. मधल्या यादीत ठेवलं तर तिथं चारच मावतात. हातातून काढून टाकलं तर त्या खेळाडूचं एक पान कमी दिसणार.

"अण्णा, पालथं घातल्यावर त्याच्याकडे किती पानं? बारा का तेरा?"

ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. "पान त्येचंच. पर हातात न्हाई."

"मग लिहू किती?"

"बारा. आन् एक."

म्हणून आणखी एक यादी झाली, एकाच जागेची. बाहेर रिकामी वही, आत लपवलेलं खरं पान. तो मागे टाळलेला तोडगा. हुकूम फुटण्याआधी तिला कुणीही काहीही विचारलं तरी ती "झाकलेलं" एवढंच सांगते, संगणकाच्या तिन्ही खेळाडूंनासुद्धा. फुटला की पान बाहेर देते आणि रिकामी होते. पडद्यावर त्या खेळाडूच्या नावापुढे आता "१२ + १" असं दिसतं.

टेलरकाकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. ते संध्याकाळी येतात, आणि समोरचा भिडू संगणकाऐवजी माणूस अशी दुरुस्ती मला करावी लागली. टॅब एकच. एकाची पानं पडद्यावर असताना दुसऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं, असं दोघांचं ठरलंय.